रक्तबिंबिकांचा साठवणीतील ऱ्हास

रक्तबिंबिकांचा साठवणीतील ऱ्हास म्हणजे रक्तदात्याच्या शरीराबाहेर, रक्तपेढीतील पिशवीत साठवलेल्या रक्तबिंबिकांच्या (प्लेटलेट) रचनेत, चयापचयात आणि कार्यक्षमतेत काळानुसार घडून येणारे प्रतिकूल बदल होत. हे बदल रक्त काढल्याच्या क्षणापासून सुरू होतात आणि रुग्णाला बिंबिका दिल्या जाईपर्यंत चालू राहतात. त्यांचा परिणाम म्हणून रुग्णाच्या शरीरात गेलेल्या बिंबिकांपैकी काही लवकर नष्ट होतात, तर काहींची रक्त गोठवण्याची क्षमता कमी झालेली असते.

रक्ताच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या घटकांमध्ये बिंबिकांचे साठवण-आयुष्य सर्वांत कमी आहे. तांबड्या पेशी योग्य द्रावणात २ ते ६ अंश सेल्सियस तापमानाला ४२ दिवसांपर्यंत टिकतात आणि गोठवलेला रक्तद्रव वर्षभर ठेवता येतो; बिंबिका मात्र भारतातील नियमांनुसार केवळ ५ दिवस वापरता येतात. शिवाय त्या शीतकपाटात ठेवता येत नाहीत. २० ते २४ अंश सेल्सियस तापमानाला सतत हळुवार हलवत ठेवाव्या लागतात. या अटींमुळे जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या गावांतील रुग्णांपर्यंत बिंबिका पोहोचवणे अवघड ठरते.

बिंबिकांना मराठीत रक्तपट्टिका किंवा बिंबाणू असेही म्हणतात. बोलीभाषेत व रुग्णालयांत ‘प्लेटलेट’ हाच शब्द रूढ आहे.

पार्श्वभूमी

बिंबिका या अस्थिमज्जेतील मेगॅकॅरिओसाइट नावाच्या मोठ्या पेशींपासून तुटून निघालेले, केंद्रक नसलेले सूक्ष्म पेशीखंड होत. त्यांचा व्यास सुमारे २ ते ३ मायक्रोमीटर असतो. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एक मायक्रोलीटर रक्तात साधारणतः १.५ लाख ते ४.५ लाख बिंबिका असतात. रक्तप्रवाहात त्या ८ ते १० दिवस जगतात. एकूण बिंबिकांपैकी सुमारे एक तृतीयांश बिंबिका कोणत्याही वेळी प्लीहेत असतात.

विश्रांत अवस्थेतील बिंबिका चपटी, बशीसारखी असते. रक्तवाहिनीला इजा झाली की ती उघड्या पडलेल्या ऊतीला चिकटते, गोलाकार होते, तिच्यातून बोटांसारखे प्रवर्ध फुटतात आणि तिच्या आतील कणिकांतील रसायने बाहेर पडतात. अल्फा कणिकांत फायब्रिनोजेन, व्हॉन विलेब्रँड घटक आणि पी-सिलेक्टिन यांसारखी प्रथिने असतात, तर घन कणिकांत एडीपी, एटीपी, सेरोटोनिन व कॅल्शियम असते. या रसायनांमुळे आजूबाजूच्या बिंबिका आकृष्ट होऊन जखमेवर गुठळी बसते. ही प्रक्रिया एकदा पूर्ण झाली की उलटवता येत नाही. साठवणीतील ऱ्हासाचे मूळ येथेच आहे. जखम दिसताच तत्काळ प्रतिसाद देणे हा बिंबिकेचा स्वभाव आहे, आणि सुई, नळी, प्लॅस्टिक, अपकेंद्रण व थंडी या सर्वांना ती काही अंशी जखमेप्रमाणेच प्रतिसाद देते.

केंद्रक नसल्यामुळे बिंबिकेला झीज भरून काढण्यासाठी नवी प्रथिने फारशी तयार करता येत नाहीत. तिच्यात तंतुकणिका मात्र असतात व ती श्वसन करते. म्हणून पिशवीतील बिंबिका हा जिवंत, ऊर्जा वापरणारा आणि टाकाऊ पदार्थ निर्माण करणारा घटक असतो.

बिंबिका-घटकाची निर्मिती

बिंबिका दोन प्रकारे मिळवल्या जातात. पहिल्या प्रकारात दात्याने दिलेले संपूर्ण रक्त अपकेंद्रण यंत्रात फिरवून त्यातून तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि बिंबिका वेगळ्या केल्या जातात. अशा एका पिशवीत साधारणतः ५० ते ७० मिलिलीटर घटक असतो. हे काम रक्त घेतल्यापासून ६ तासांच्या आत व्हावे लागते आणि तोवर ते रक्त थंड करून चालत नाही. म्हणून गावातील रक्तदान शिबिरात गोळा केलेल्या रक्तापासून बिंबिका मिळवायच्या असतील, तर ते रक्त वेळेत विलगीकरण केंद्रात पोहोचणे आवश्यक असते.

दुसऱ्या प्रकारात दात्याचे रक्त यंत्रातून फिरवून केवळ बिंबिका काढून घेतल्या जातात व उरलेले रक्त त्याला परत दिले जाते. यास अफेरेसिस म्हणतात. अशा एका पिशवीत एकाच दात्याच्या किमान ३ × १०^११ बिंबिका असणे अपेक्षित असते. पहिल्या प्रकारच्या एका पिशवीने प्रौढ रुग्णाची बिंबिका-संख्या साधारण ५,००० ते १०,००० ने वाढते, तर अफेरेसिसच्या एका पिशवीने ती ३०,००० ते ५०,००० ने वाढू शकते.

दात्याने घेतलेली औषधेही महत्त्वाची असतात. ॲस्पिरिनमुळे बिंबिकांमधील एक विकर कायमचे निकामी होते. म्हणून ॲस्पिरिन घेतल्यानंतर ३ दिवसांपर्यंत त्या दात्याचे रक्त बिंबिकांसाठी वापरले जात नाही.

ऱ्हासाची प्रक्रिया

चयापचय आणि आम्लता

पिशवीतील बिंबिका रक्तद्रवातील ग्लुकोज वापरतात. पुरेसा प्राणवायू मिळाल्यास त्यांच्या ऊर्जेचा मोठा भाग तंतुकणिकांतील श्वसनातून येतो. प्राणवायू कमी पडला की त्या ग्लुकोजच्या विनॉक्सी विघटनावर अवलंबून राहतात आणि लॅक्टिक आम्ल वेगाने साचू लागते. रक्तद्रवातील बायकार्बोनेट काही काळ या आम्लाचे उदासीनीकरण करते व त्यातून निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड पिशवीच्या भिंतीतून बाहेर पडतो. बायकार्बोनेट संपले की द्रवाचा सामू (पीएच) घसरतो. सामू ६.२ च्या खाली गेल्यास बिंबिका गोल होतात, फुगतात आणि रुग्णाच्या शरीरात टिकण्याची क्षमता गमावतात. हा बदल कायमस्वरूपी असतो.

आकारातील बदल

बशीसारखा आकार टिकून असलेली बिंबिका निरोगी समजली जाते. अशा बिंबिका असलेली पिशवी उजेडासमोर धरून हळूच हलवली असता आत चमकदार लहरी फिरताना दिसतात, कारण चपट्या कणांवरून प्रकाश वेगवेगळ्या दिशांना परावर्तित होतो. बिंबिका गोल झाल्यावर ही चमक नाहीशी होते व द्रव केवळ गढूळ दिसतो. पिशवी देण्यापूर्वी करावयाची ही सोपी तपासणी कोणत्याही उपकरणाविना करता येते.

अकाली सक्रियन

साठवणीच्या काळात काही बिंबिका जखम नसतानाही सक्रिय होतात. त्यांच्या कणिका रित्या होतात आणि पी-सिलेक्टिन पृष्ठभागावर येते. पटलाच्या आतील बाजूस असणारे फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेरील बाजूस येते आणि पटलाचे सूक्ष्म बुडबुडे तुटून द्रवात मिसळतात. व्हॉन विलेब्रँड घटकाला धरून ठेवणाऱ्या ग्राहकाचा बाहेरील भाग विकरांच्या क्रियेने कापला जातो. असा ग्राहक गमावलेली बिंबिका जखमेच्या जागी पकड घेऊ शकत नाही.

नियोजित मृत्यू

केंद्रक नसतानाही बिंबिकेत पेशीमृत्यूची यंत्रणा असते. बीसीएल-एक्सएल हे संरक्षक प्रथिन काळानुसार कमी होत जाते. ते पुरेसे उरले नाही की बॅक व बॅक्स ही प्रथिने तंतुकणिकांना छिद्रे पाडतात आणि पेशीमृत्यूची साखळी सुरू होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार बिंबिकेचे आयुष्य मोजणारे घड्याळ हेच आहे. हे घड्याळ पिशवीतही थांबत नाही.

द्रवात साचणारे पदार्थ

बिंबिकांतून तसेच पिशवीत राहिलेल्या पांढऱ्या पेशींतून दाह निर्माण करणारी प्रथिने द्रवात साचत जातात. बिंबिका दिल्यानंतर रुग्णाला थंडी वाजून ताप येण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. साठवणीपूर्वीच गाळणीद्वारे पांढऱ्या पेशी काढून टाकल्यास अशा प्रतिक्रिया कमी होतात.

तापमानाचा प्रश्न

इतर रक्तघटकांप्रमाणे बिंबिका थंड का ठेवत नाहीत, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. थंडीत चयापचय मंदावतो व जिवाणूंची वाढ खुंटते. या दृष्टीने शीतकपाट सोयीचे ठरले असते. मात्र १९६९ साली स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी दाखवून दिले की ४ अंशांवर साठवलेल्या बिंबिका रुग्णाच्या रक्तातून अतिशय लवकर नाहीशा होतात, तर सुमारे २२ अंशांवर साठवलेल्या बिंबिका कित्येक दिवस फिरत राहतात. त्यानंतर जगभर खोलीच्या तापमानाची पद्धत रूढ झाली.

याचे कारण २००३ नंतर अधिक स्पष्ट झाले. थंडीत बिंबिकेच्या पृष्ठभागावरील व्हॉन विलेब्रँड ग्राहक एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात. यकृतातील भक्षक पेशी हे पुंजके ओळखून बिंबिकांना गिळतात. दीर्घकाळ थंडीत राहिल्यास ग्राहकांवरील सियालिक आम्ल निघून जाते, त्याखालील शर्करा उघडी पडते आणि यकृत पेशींवरील ॲशवेल-मोरेल ग्राहक अशा बिंबिकांना रक्तातून काढून घेतात. थंड झालेली बिंबिका पुन्हा ऊबदार केली तरी तिचा मूळ आकार पूर्णपणे परत येत नाही. त्यामुळे चुकून काही तास शीतकपाटात ठेवलेली पिशवी बाहेर काढून ठेवल्याने पूर्ववत होत नाही.

अतिउष्णताही तितकीच घातक असते. तापमान वाढले की ग्लुकोजचा वापर व आम्लनिर्मिती वाढते आणि पिशवीत जिवाणू असल्यास त्यांची वाढ झपाट्याने होते.

पिशवी आणि हलविण्याची क्रिया

बिंबिकांच्या पिशवीचे प्लॅस्टिक वायू आरपार जाऊ देणारे असते. पूर्वीच्या पिशव्यांमधून पुरेसा प्राणवायू आत येत नसल्याने साठवण ३ दिवसांपुरती मर्यादित होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अधिक पारगम्य पिशव्या आल्यावर ती ५ दिवसांपर्यंत वाढली. एकावर एक पिशव्या रचल्यास किंवा पिशवीवर मोठे कागद चिकटवल्यास वायूंची देवाणघेवाण अडते.

सतत हलविण्यामुळे बिंबिका तळाशी बसत नाहीत आणि प्राणवायू सर्वत्र पोहोचतो. यासाठी तापनियंत्रित कपाटात बसवलेले, आडवे मागे-पुढे होणारे यंत्र वापरतात. वाहतुकीत हे हलविणे काही काळ थांबते. तापमान योग्य असल्यास २४ तासांपर्यंतचा असा खंड सामान्यतः सहन होतो. अल्पकाळ हालचाल थांबण्यापेक्षा तापमान बिघडणे अधिक हानिकारक ठरते.

जिवाणूंचा धोका

खोलीचे तापमान, ग्लुकोज आणि प्राणवायू यांमुळे बिंबिकांची पिशवी जिवाणूंच्या वाढीस पोषक ठरते. बहुतेक वेळा हे जिवाणू सुई टोचलेल्या जागेच्या त्वचेवरून आलेले असतात. सुरुवातीला त्यांची संख्या नगण्य असते. परंतु चौथ्या-पाचव्या दिवशी ती रुग्णाला सेप्सिस होण्याइतकी वाढू शकते. अमेरिकेत १९८४ साली बिंबिकांची मुदत ७ दिवसांपर्यंत वाढवण्यात आली होती. जिवाणू संसर्गाच्या घटनांमुळे १९८६ साली ती पुन्हा ५ दिवसांवर आणली गेली. यावरून साठवणीची मर्यादा बिंबिकांच्या ऱ्हासाइतकीच जिवाणूंच्या वाढीनेही ठरते, हे स्पष्ट होते.

हा धोका कमी करण्यासाठी दात्याच्या त्वचेचे काळजीपूर्वक निर्जंतुकीकरण करतात, रक्ताचे पहिले काही मिलिलीटर वेगळ्या छोट्या पिशवीत वळवतात आणि शक्य तेथे जिवाणू-संवर्धन चाचणी करतात. रंग बदललेली, बुडबुडे आलेली किंवा गुठळ्या असलेली पिशवी वापरली जात नाही.

इतिहास

बिंबिकांचे रक्त गोठण्यातील कार्य इटालियन वैद्यक जुलिओ बिझोझेरो यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्णिले. १९१० साली बॉस्टन येथील विल्यम ड्यूक यांनी ताजे रक्त दिल्यावर रुग्णाची बिंबिका-संख्या वाढून रक्तस्राव थांबतो, असे दाखवले. १९५० च्या सुमारास काचेच्या बाटल्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि रक्ताचे घटक वेगळे करणे सोपे झाले. १९६० च्या दशकात रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत बिंबिकांचा वापर वाढला. त्यामुळे त्या टिकवण्याचा प्रश्न पुढे आला व १९६९ च्या संशोधनाने त्याला दिशा मिळाली.

भारतातील नियम

भारतात रक्त व रक्तघटक हे औषध समजले जातात आणि त्यांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० व त्याखालील नियम, १९४५ यांनुसार होते. २०२० च्या दुरुस्तीनंतर नियमांत ‘रक्तपेढी’ऐवजी ‘रक्त केंद्र’ ही संज्ञा आली. नियमांनुसार बिंबिका २० ते २४ अंश सेल्सियस तापमानाला, सतत हलवत, जास्तीत जास्त ५ दिवस ठेवता येतात. गुणवत्ता चाचणीत ४५० मिलिलीटर रक्तापासून मिळवलेल्या पिशवीत किमान ४.५ × १०^१० बिंबिका असणे व साठवणीअखेर सामू ६.० पेक्षा कमी नसणे अपेक्षित आहे. सामूची ही मर्यादा अमेरिकेत ६.२, तर युरोपीय मार्गदर्शिकेत ६.४ आहे.

प्रत्येक रक्तदानाची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, उपदंश व हिवताप यांसाठी चाचणी अनिवार्य आहे. चाचण्यांचे निष्कर्ष येईपर्यंत पाच दिवसांतील काही काळ खर्च होतो. महाराष्ट्रात रक्तसेवेचे समन्वयन राज्य रक्त संक्रमण परिषद करते. मुंबईतील परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची या क्षेत्रातील संशोधन संस्था आहे.

वऱ्हाडातील परिस्थिती

दर्यापूर हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. रक्तघटक वेगळे करण्याची सोय सामान्यतः जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रक्त केंद्रांत असते. तालुका पातळीवरील रक्त साठवण केंद्रांचे प्रमुख उपकरण म्हणजे २ ते ६ अंशांचे शीतकपाट होय. ते तांबड्या पेशींसाठी योग्य असले तरी बिंबिकांसाठी निरुपयोगी आहे. त्यामुळे दर्यापूर, अंजनगाव सुर्जी किंवा मूर्तिजापूर यांसारख्या ठिकाणच्या रुग्णासाठी एक तर बिंबिका शहरातून मागवाव्या लागतात किंवा रुग्णालाच शहरात हलवावे लागते.

या भागातील हवामान साठवणीच्या दृष्टीने प्रतिकूल आहे. मे महिन्यात अकोला व अमरावती परिसरात कमाल तापमान ४५ अंशांच्या आसपास, काही वर्षी त्याहून अधिक जाते. हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांपर्यंत किंवा त्याखाली उतरते. २० ते २४ अंशांची मर्यादा या दोन्ही टोकांपासून दूर आहे. उन्हात उभ्या केलेल्या बंद वाहनातील तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही बरेच जास्त असते. म्हणून अशा प्रवासात बिंबिका उष्णतारोधक पेटीत, २० ते २४ अंशांवर आणलेल्या जेल-पिशव्यांसह ठेवणे आवश्यक असते. रक्त म्हणजे बर्फात न्यायची वस्तू, या सर्वसाधारण समजुतीमुळे नातेवाइकांकडून पिशवी बर्फावर ठेवली जाण्याचा संभव असतो. तांबड्या पेशींना लागणारी ही थंडी बिंबिकांना अपाय करते.

मागणी आणि पुरवठा यांचा मेळही बसत नाही. डेंग्यूचे रुग्ण पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत वाढतात व बिंबिकांची मागणी एकदम चढते. पाच दिवसांच्या मुदतीमुळे आधीचा साठा करून ठेवता येत नाही, आणि शिबिरातून एका दिवशी मोठ्या प्रमाणात रक्त जमले तरी त्यातील बिंबिका आठवडाभर पुरत नाहीत. एकाच दिवशीच्या मोठ्या शिबिरापेक्षा वर्षभर विभागलेली लहान शिबिरे बिंबिकांच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरतात.

रुग्णावरील परिणाम

साठवणीत जुन्या झालेल्या बिंबिका दिल्यावर रुग्णाची बिंबिका-संख्या ताज्या बिंबिकांच्या तुलनेत कमी वाढते व दोन संक्रमणांमधील अंतर घटते. तथापि, मुदतीत असलेल्या व योग्य रीतीने साठवलेल्या बिंबिकांच्या वयाचा प्रत्यक्ष रक्तस्रावावर स्पष्ट परिणाम मोठ्या अभ्यासांत आढळलेला नाही. शरीरात गेल्यावर काही बिंबिका आपली कार्यक्षमता अंशतः परत मिळवतात, हे यामागील एक कारण मानले जाते. संख्या अपेक्षेप्रमाणे न वाढण्यामागे ताप, जंतुसंसर्ग, वाढलेली प्लीहा किंवा रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे हीही कारणे असू शकतात.

डेंग्यूमध्ये केवळ संख्या कमी झाली म्हणून बिंबिका देणे उपयुक्त ठरत नाही. सिंगापूर व मलेशिया येथे ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रतिबंधक म्हणून दिलेल्या बिंबिकांनी रक्तस्राव कमी झाला नाही. उलट प्रतिकूल प्रतिक्रिया अधिक आढळल्या. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव नसल्यास संख्या १०,००० च्या खाली गेल्यावरच प्रतिबंधक बिंबिकांचा विचार केला जातो. अनावश्यक मागणी कमी झाल्यास अल्पकाळ टिकणारा हा घटक रक्तस्राव होत असलेल्या आणि कर्करोगावरील उपचार घेणाऱ्या रुग्णांसाठी उपलब्ध राहतो.

रुग्णालयात पोहोचलेली पिशवी शीतकपाटात न ठेवता शक्य तितक्या लवकर, गाळणी असलेल्या संचातून, साधारणतः अर्ध्या तासात दिली जाते.

ऱ्हास कमी करण्याचे उपाय

रक्तद्रवाचा काही भाग काढून त्याऐवजी ॲसिटेटयुक्त द्रावण वापरल्यास ॲलर्जीच्या प्रतिक्रिया कमी होतात. तसेच ॲसिटेटच्या ज्वलनात आम्ल वापरले जात असल्याने सामू टिकण्यास मदत होते. ॲमोटोसॅलेन किंवा रायबोफ्लेविन हे द्रव्य मिसळून अतिनील किरण सोडल्यास जिवाणू व विषाणूंची जनुकद्रव्ये निकामी होतात. बिंबिकांना केंद्रक नसल्याने ही पद्धत शक्य होते. मात्र तिच्यामुळे संख्यावाढ काहीशी कमी मिळते.

थंड साठवणीचा पुनर्विचारही सुरू आहे. थंड बिंबिका लवकर नष्ट होत असल्या तरी त्या अंशतः सक्रिय असल्याने चालू रक्तस्राव थांबवण्यास उपयोगी पडू शकतात. २०२३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, नेहमीच्या बिंबिका उपलब्ध नसतील तेव्हा, १ ते ६ अंशांवर १४ दिवसांपर्यंत साठवलेल्या बिंबिका सक्रिय रक्तस्रावासाठी वापरण्याबाबत मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये उणे ८० अंशांवर गोठवलेल्या बिंबिका नेदरलँड्सच्या सैन्यदलाने २००१ पासून वापरल्या आहेत. अशा पद्धती व्यापक झाल्यास साठवणीच्या सोयींपासून दूर असलेल्या ग्रामीण भागांना त्यांचा विशेष लाभ होऊ शकेल. मात्र अस्थिमज्जा निकामी झालेल्या रुग्णांना दीर्घकाळ फिरत राहणाऱ्या बिंबिकांची गरज असल्याने त्यांच्यासाठी खोलीच्या तापमानाच्या साठवणीला सध्या पर्याय नाही.

हे सुद्धा पहा

रक्तदान
रक्तद्रव
डेंग्यू ताप
रक्तगट
अस्थिमज्जा